तिकिटाच्या आतलं घर

"पावणेसहा म्हणजे पावणेसहा, लल्ला. पावणेसहाला गाडीचं चाक फिरलं पाहिजे. तेव्हा चपला शोधत बसायचं नाही," लारूसी फोनवर ओरडून सांगत होता. समोर कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं पसरलं होतं आणि त्यावर त्याने पट्टीने रकाने आखले होते. "पावणेसातला मजाज. सात-दहाला तस्तूर, तिथे पंधरा मिनिटं. आठला तबरसुक. तिथून दुग्गा सात किलोमीटर, चढ आहे, वीस मिनिटं धर. साडेआठला फाटक उघडतं. आपण पहिले."

पलीकडून लल्ला, म्हणजे त्याची थोरली बहीण त्राकी, काहीतरी म्हणाली. लारूसीने फोन कानापासून लांब धरला.

"काय म्हणतात?" त्याच्या बायकोने, सालहाने, मिरच्यांचे देठ मोडता मोडता विचारलं.

"विचारतेय, हा शुक्रवार कुठल्या महिन्यातला?"

सालहा इतकी हसली की हातातली मिरची ताटात पडली. लारूसीने फोन ठेवला, पान घडी करून खिशात घातलं, परत काढलं, तस्तूरपुढचा आकडा खोडून पंधराऐवजी दहा मिनिटं केली.

हा चौथा बेत होता. पहिला फेब्रुवारीतला, तो पावसाने गेला. पाऊस तसा भुरभुरच होता, पण लारूसीने पहाटे खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला आणि वरती दगड निसरडे असतील, लल्लाचा पाय मोडला तर जबाबदार कोण, म्हणून फोन केला. दुसऱ्या वेळी केफच्या रस्त्यावर काम चाललंय अशी बातमी त्याने कुठूनतरी मिळवली. तिसऱ्या वेळी क्लच.

"क्लचला काय झालंय?" सालहाने तेव्हा विचारलं होतं.

"सरकतोय."

"कालच मला बाजारात नेऊन आणलंस. क्लच नाही, तुझं काळीज सरकतंय."

तो खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडून तासभर उभा राहिला.

लारूसी एकोणतीस वर्षं ट्यूनिस ते केफ बस चालवून निवृत्त झाला होता. वेळेचा पक्का. तस्तूरचा एक कॉफीवाला म्हणायचा, आमच्या मशिदीवरचं घड्याळ उलटं फिरतं, तेव्हा आम्ही लारूसीची बस बघून वेळ लावतो. फुकट त्याने कुणाला नेलं नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा तिकीट फाडायला लावलं होतं, आणि मेव्हणा ते प्रत्येक लग्नात सांगायचा. असा माणूस निवृत्तीनंतर घरात फिरत राहायचा. या खोलीतून त्या खोलीत, जिन्याने खाली, परत वर. दिवसातून तीनदा टायरची हवा बघायचा. सालहा म्हणायची, "बस गेली, पण ड्रायव्हर अजून फेऱ्या मारतोय."

या एकोणतीस वर्षांत तो रोज दुग्गाच्या फाट्यावरून गेला होता. फाट्यावर पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी लोक उतरत. वर डोंगरावर रोमन लोकांचं अख्खं शहर आहे, देवळं, नाट्यगृह, हमामखाने, आणि जगभरातून माणसं ते बघायला येतात. उतरता उतरता कुणीतरी विचारायचं, वर बघण्यासारखं काय आहे? लारूसी म्हणायचा, "दगड." आणि दार बंद करायचा.

त्या दगडांत तो जन्मला होता. त्राकीही. चोपन्न वर्षांपूर्वीपर्यंत त्या पडक्या शहरात गाव राहत होतं. रोमनांच्या भिंतींना भिंती जोडून घरं, खांबांना बांधलेल्या शेळ्या, देवळाच्या पायऱ्यांवर वाळत घातलेली गव्हाची कणी. मग सरकारने खाली, सडकेजवळ, नवी दुग्गा वसवली आणि गाव हळूहळू उतरलं. लारूसी तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यानंतर तो एकदाही वर गेला नव्हता. का, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सालहालासुद्धा नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी त्राकीच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. कडा अंधारल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते किती टिकेल सांगता येत नाही, असं म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यावर तिने भावाचा दंड धरला आणि म्हणाली, "लारूस, उरलंय तोवर एकदा आपलं घर दाखव." तो लगेच म्हणाला, "दाखवतो की. बेत करू."

आणि बेत करत राहिला.

गुरुवारी दुपारी, जेवणं आटपून लारूसी गॅलरीत उभा होता तेव्हा त्याला समोरच्या रस्त्यावर त्राकी दिसली. पांढरी सफसारी डोक्यावरून घेतलेली, एका हातात प्लास्टिकची पिशवी, दुसरा हात भिंतीला. मुलाच्या घरून दोन मेट्रो बदलून ती एकटी आली होती. तो चपला न घालता खाली धावला.

"वेडी झालीस का, लल्ला? गाडीखाली आली असतीस म्हणजे?"

"आले असते तर बेताचा प्रश्नच मिटला असता," ती म्हणाली. "पिशवी धर. बाटली आहे आत, तेलाची, आडवी करू नकोस."

वर येऊन ती दिवाणावर बसली, सालहाने दिलेला चहा प्याली, आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या ठरल्याप्रमाणे जायचं. मी आज इथेच झोपणार. सकाळी न्यायचं नसेल तर सांग, मी बाब सादूनच्या स्टँडवरून केफची बस पकडते. तिथले ड्रायव्हर वेळेवर निघतात असं ऐकलंय."

सालहाने तोंडावर ओढणी धरली.

"उद्या शुक्रवार आहे," लारूसी म्हणाला. "नमाज आहे. दुपारी कुसकुस—"

"शुक्रवार तूच ठरवलास. कुसकुस मी एकटी खाईन," सालहा म्हणाली. "नमाज तबरसुकलाही होते."

"तूही चल मग."

"मी कशाला? तुमचं दोघांचं घर. मी तिथे पाहुणी होऊन तुमच्या तोंडाकडे बघत बसू? जा तुम्ही."

लारूसीने खिशातलं पान काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग टायरची हवा बघायला खाली गेला.

सकाळी पावणेसहाला त्राकी गाडीत बसून होती. लारूसीच दोनदा वर जाऊन आला. एकदा थर्मास विसरला म्हणून, एकदा थर्मास गाडीतच होता म्हणून. निघायला सहा वाजले.

रस्ता त्याच्या हातांना पाठ होता. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना गहू गुडघाभर वाढलेला, मध्ये मध्ये लाल खसखशीची फुलं. त्राकी मान वळवून वळवून बघत होती, कारण मान वळवल्याशिवाय तिला काही दिसत नव्हतं. मजाजच्या आधी गाडी हळू झाली, जवळजवळ थांबली, परत निघाली. दोन किलोमीटरवर पुन्हा तसंच.

"कुणी चढणार आहे का?" त्राकीने विचारलं.

"कुठे?"

"दर थांब्यावर ब्रेक मारतोयस."

लारूसीला ते कळलंच नव्हतं. त्याने वेग वाढवला आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा ब्रेक मारला.

तस्तूरला त्याने गाडी बाजूला घेतली. दहा मिनिटं लिहिली होती, पण कॉफी आली, मग दुसरी आली, मग ओळखीचा कुणी भेटतोय का म्हणून तो चौकात चक्कर मारून आला. ताबूनाच्या भट्टीतली गरम रोटी आणि ताजं चीज घेतलं. चीज बकरीचं आहे की मेंढीचं यावर दुकानदाराशी वाद घातला. अर्धा तास होऊन गेला. त्राकी गाडीला टेकून उभी होती.

"लारूस," ती म्हणाली, "तुला तिथे जायचं नाहीये का?"

"जायचंय की. निघालोच की आपण."

"मग गाडीत बस."

तो बसला. तबरसुक आलं. डोंगर जवळ आले तसं त्याच्या तळहातांना घाम सुटला. चाकावरून हात घसरू नयेत म्हणून तो एकेक हात पँटला पुसत होता.

त्याला तो दिवस दिसत होता. शरदातला. गावातली बाकीची घरं आधीच उतरली होती, खाली दोन ट्रक उभे होते, आणि त्याच्या बापाने, अम्मारने, दाराला आतून अडसर घालून छपरावर जाऊन ठाण मांडलं होतं. "माझा आजा इथे मेला, मी इथेच मरणार," एवढंच म्हणाला होता. बाहेर सरकारी कचेरीतला एक माणूस आला होता. चांगला माणूस होता. ओरडला नाही, धमकी दिली नाही. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "अम्मार, मी संध्याकाळपर्यंत थांबतो. तू विचार कर." आत आई बोचकी बांधून अंगणात बसली होती. दुपार झाली. लारूसीला भूक लागली होती. त्याच्या चुलतभावाने सांगितलं होतं की खाली प्रत्येक घरात दिवा आहे, बटण दाबलं की लागतो, आणि शाळा इतकी जवळ की घंटा अंथरुणात ऐकू येते. तो दाराशी गेला आणि त्याने अडसर काढला. जड होता, दोन्ही हात लावावे लागले. कचेरीतला माणूस आत आला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जिना चढून वर गेला, बराच वेळ बापाशेजारी बसला. मग दोघं खाली आले. बापाने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ ट्रककडे चालत गेला.

नंतर अम्मार उत्खननावर मजूर म्हणून लागला. गावाखाली दडलेलं रोमन शहर मोकळं करायला वरच्या गावाच्या भिंती काढायच्या होत्या. त्याने स्वतःचं घरही काढलं, स्वतःच्या हातांनी, एकेक दगड. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी धूळ घेऊन यायचा आणि गप्प जेवायचा. लारूसीशी तो कामापुरतं बोलायचा. त्या गप्पपणाचं कारण लारूसीला माहीत होतं. विसाव्या वर्षी त्याने घर सोडलं, ट्यूनिसला येऊन गाडी शिकला. बाप वारला तेव्हा तो केफहून बस घेऊन परतत होता. नव्या दुग्गात पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

फाटकाशी दगडी खोलीत रखवालदार बसला होता. मुंजी नाव, चाळिशीचा, नव्या दुग्गाचाच. त्याने गाडी सावलीला लावायला सांगितली आणि त्राकीला आधार द्यायला हात पुढे केला.

"तिकीट कशाला?" त्राकी म्हणाली. "माझ्या घरी जायला मी तिकीट काढू?"

"कुणाचं घर, खाला?"

"अम्मारचं. मोठ्या देवळाच्या खालच्या अंगाला. मी त्याची मुलगी."

मुंजीने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "माझी आजी सांगायची त्यांचं. छपरावर बसलेले ते? जा खाला, बिनधास्त जा. तुमच्याकडून मी काय घेणार."

"दोन तिकिटं," लारूसी म्हणाला आणि खिडकीतून नोट सरकवली.

"हाज, राहू दे हो," मुंजी वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला.

"नियम सगळ्यांना एकच. दोन."

"हा असाच," त्राकी मुंजीला म्हणाली. "याच्या जनाज्यालासुद्धा हा आधी तिकीट फाडेल, मग खांद्यावर चढेल."

मुंजी हसत हसत दोन तिकिटं फाडून देत म्हणाला, "वर पाण्याची सोय नाही, हाज. बाटली भरून घ्या. खालचा झरा यंदा वाहतोय, पण वाट जरा खराब आहे."

"अर्धी बाटली आहे," लारूसी म्हणाला. त्याला आता घाई झाली होती. आलोच आहोत तर बघायचं आणि निघायचं.

ते पहिले नव्हते. एक मोठी बस आधीच येऊन थांबली होती आणि नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसं टोप्या घालून बसली होती. त्राकी भावाच्या कोपराला धरून चढत होती. दगडी फरशीच्या रस्त्यावर आल्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या.

"पाय भाजतील."

"एप्रिलात? चल तू."

मोठ्या देवळाचे उंच खांब समोर आले. लारूसी खाली बघून चालत होता. त्राकीने मान मागे टाकून डावीकडून उजवीकडे सगळं बघितलं, एकेक खांब मोजावा तसं. देवळाच्या बाजूला एका अरुंद गल्लीत वाटाड्या टोपीवाल्यांच्या दुसऱ्या घोळक्याला सांगत होता, की ही जी छोटी खोली दिसते ते तेलाचं दुकान असावं, कारण भिंतीत रांजण बसवायला हे खळगे केलेले आहेत.

"दुकान कसलं?" त्राकी मोठ्याने म्हणाली. "ती सासियाची शेळ्यांची खोली. खळगे तिच्या नवऱ्याने केले, चारा ठेवायला."

वाटाड्या थांबला. एका बाईने विचारलं, आजी काय म्हणाल्या. वाटाड्या भला होता. त्याने ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि घोळका वळून त्राकीकडे बघायला लागला. कुणीतरी कॅमेरा वर केला. त्राकीने सफसारी नीट केली आणि ताठ उभी राहिली. "काढू दे," ती भावाला म्हणाली. "दगडांचे काढतात, माणसाचाही काढू देत एक."

घर लारूसीला सापडेना. त्याने आठवणीतून एक जागा धरली होती, तिथे झुडपं आणि खचलेली भिंत होती. तो म्हणाला इथेच. त्राकी नाही म्हणाली. तो म्हणाला तुला दिसत नाही. ती म्हणाली, "म्हणून तर. तू डोळ्यांनी शोधतोयस." तिने त्याचा हात सोडला, देवळाच्या शेवटच्या पायरीपाशी गेली आणि तिथून पावलं मोजत उताराला लागली. बत्तीस पावलं, मग डावीकडे, मग एका पडलेल्या खांबाला वळसा. लारूसी मागून हात पुढे करून चालत होता, ती अडखळली तर धरायला. ती अडखळली नाही. एका जागी थांबली आणि पायाने गवत बाजूला केलं. खाली झिजलेला, मधोमध खोलगट झालेला उंबऱ्याचा दगड होता.

"हं," ती म्हणाली.

उंबऱ्यापलीकडे काही नव्हतं. गवत, पिवळी फुलं, त्याखाली कुठल्यातरी जुन्या फरशीचा तुकडा. भिंती नाहीत, अंगण नाही, जिना नाही. खाली दूरवर ऑलिव्हची झाडं आणि त्यापलीकडे सडक, तिच्यावर केफकडे जाणारी बस.

त्राकी उंबऱ्यावर बसली. लारूसी उभाच. त्याने रोटी काढली, दोन तुकडे केले, एक तिला दिला, आपला तुकडा खिशात घातला. दोन पावलं इकडे गेला, दोन तिकडे.

"बस की जरा."

"लल्ला, निघूया का? ऊन चढेल."

"आत्ता आलोय."

तो परत चालायला लागला. मग तिच्यामागे, तिला चेहरा दिसणार नाही अशा जागी उभा राहिला आणि म्हणाला, "त्या दिवशी अडसर मी काढला."

त्राकी रोटी चावत होती. तिने चावून गिळली.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी जिन्यावर होते. तू दोन्ही हातांनी ओढत होतास. तुला जमेना तेव्हा मी खाली येणारच होते मदतीला. तेवढ्यात निघाला."

लारूसी तिच्यासमोर आला. "मदतीला? तू?"

"मग. तुला दिवा हवा होता ना? मला नळ हवा होता." तिने खाली उताराकडे हात केला. "त्या झऱ्यावरून रोज चार खेपा. आठ वर्षांची असल्यापासून. पाठीवर घागर, कपाळाला पट्टा. आई दोन जिवांची असली की सहा खेपा. पंधरा वर्षांची झाले तेव्हा माझी मान एका बाजूला वाकलेली होती, तुला आठवत नसेल. तू अडसर काढलास आणि मी हातातली घागर खाली ठेवली. परत उचलली नाही."



"अब्बांना कळलं असणारच," तो शेवटी म्हणाला. "म्हणून ते माझ्याशी कधी—"

"तुझ्याशी?" त्राकी म्हणाली. "तुझ्याशी ते बोलायचे की. ते कुणाशीच फार बोलत नसत, पण तुझ्याशी बोलायचे. रात्री तू झोपल्यावर त्यांनी विचारलं, दार कुणी उघडलं. आई गप्प. मी म्हटलं, मी."

ऑलिव्हमधून वारा आला आणि तिची सफसारी फुगली. तिने ती मांडीखाली दाबली.

"तू का म्हणालीस तसं?"

"तू नऊ वर्षांचा होतास. मी काय, आज ना उद्या जाणारीच होते. शिवाय खोटं कुठे होतं ते. मनातून मी उघडलंच होतं."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. घरात नळ आला होता, मी आवडीने भरून द्यायची, ते पेला बाजूला सरकवायचे आणि आईला हाक मारायचे. वर्षभर. पुढच्या शरदात ट्यूनिसचं स्थळ आलं, त्यांनी नवऱ्याचं तोंडही न बघता हो म्हटलं." ती थोडं हसली. "नवरा बरा निघाला. नशीब."

लारूसीला तिचं लग्न आठवत होतं. मिठाई आठवत होती. लल्ला ट्रकमध्ये बसताना रडत होती आणि सगळे म्हणत होते, मुली रडतातच.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं? मी, मी इथून रोज जात होतो, रोज, आणि मला वाटायचं की—"

"कधी सांगू? तू सदा बस चालवत असायचास. थांबलास की घड्याळ बघायचास." तिने रोटीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "आणि मला काय ठाऊक तू हे उराशी धरून बसलायस. मला वाटलं विसरलास. लहान पोरं विसरतात."

तो खाली बसला. लगेच उठला. कमरेवर हात ठेवून त्याने त्या गवताकडे पाहिलं. बापाने ज्या भिंती उतरवल्या त्यांचा इथे एक दगडही ओळखू येत नव्हता. बहिणीला काहीतरी म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. माफी मागावी तर कशाकशाची? एका दिवसाची की चोपन्न वर्षांची?  वर देवळाकडून टोपीवाल्यांचं हसणं ऐकू आलं.

"पाणी आणतो," तो म्हणाला.

"आहे की बाटलीत अर्धं."

"ते गरम झालं."

"झऱ्याची वाट खराब आहे म्हणाला तो."

"असू दे."

तो उतरला. मुंजीच्या खोलीत जाऊन भांडं मागितलं. मुंजीकडे जर्मलचा एक खोलगट वाडगा होता, तो त्याने दिला आणि म्हणाला, "हाज, झाकण नाही याला. सांडेल."

"चालेल."

झरा पूर्वीच्याच जागी होता, अंजिराच्या झाडाखाली. पाणी बारीक धारेने येत होतं. वाडगा भरायला वेळ लागला, आणि लारूसी तेवढा वेळ वाकून उभा राहिला. मग दोन्ही हातांत वाडगा धरून तो चढायला लागला. वाट खरंच खराब होती. दगड हलत होते, काट्यांची झुडपं पँटला धरत होती. घाईने पाय टाकला की पाणी काठावरून मनगटावर यायचं, म्हणून त्याला एकेक पाऊल थांबून टाकावं लागत होतं. अर्ध्या वाटेवर धाप लागली. तो उभा राहिला, पण वाडगा खाली ठेवला नाही. घोळक्यातली माणसं उतरत होती. म्हाताऱ्याच्या हातातलं भरलेलं भांडं पाहून ती कडेला झाली.

त्राकी तशीच उंबऱ्यावर बसलेली होती. त्याने वाडगा तिच्या हातांत दिला, तिची बोटं काठावर नीट बसेपर्यंत आपले हात काढले नाहीत. तिने तोंडाला लावला आणि न थांबता सगळं प्याली. शेवटचा थेंब गळेपर्यंत मान मागे टाकली. मग हाताच्या मागच्या बाजूने ओठ पुसले आणि रिकामा वाडगा त्याच्यासमोर धरला.

"अजून," ती म्हणाली.

लारूसीने वाडगा घेतला आणि पुन्हा उतरायला लागला.